नऊपट एल्क

मोठ्या जनावरांच्या शिकारीसाठी रायफलीवर बसवायची दुर्बीण, म्हणजे स्कोप, तीन कामे करते. लांबचे जवळ दाखवते, अंधूक उजेडात नजरेला आधार देते आणि गोळी कुठे लागेल याचा अंदाज एका फुलीवर आणून ठेवते. चौथे काम, म्हणजे जनावर शोधून देणे, ती करत नाही. विकत मात्र ती बहुतेक वेळा या चौथ्या कामाच्या भरवशावरच घेतली जाते.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असली खरेदी करण्याचे कारण उरलेले नाही. त्याआधीही तिच्यावाचून फारसे कुणाचे अडत नव्हते. जिम कॉर्बेटने 1926 साली रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या रात्रीच्या अंधारात मारला, तेव्हा त्याच्या रायफलीला दुर्बीण नव्हती, विजेरी बांधलेली होती. आज या विषयावर तावातावाने भांडणे होतात ती अमेरिकेच्या रॉकी पर्वतात. कोलोरॅडो, वायोमिंग, मोंटाना या राज्यांत शरद ऋतूत परवाना घेऊन एल्कची शिकार चालते. एल्क हा आपल्या सांबराच्या कुळातला, पण अंगाने त्याच्याहून दांडगा; नराचे वजन 300 किलोच्या पुढे जाते. एवढे धूड दिसायला दुर्बीण कशाला, असे घरबसल्या वाटते खरे. पण हे धूड स्प्रूसच्या चार खोडांमागे सबंध मावते आणि तिथे ते तासन्‌तास न हलता उभे राहते.

निवडीची सुरुवात आकड्यांपासून होते. 3-9×40 याचा अर्थ असा, की चित्र तिपटीपासून नऊपटीपर्यंत मोठे करता येते आणि पुढच्या भिंगाचा व्यास 40 मिलिमीटर आहे. एल्कसाठी एवढे पुरते, आणि खरे तर विषय इथेच संपायला हवा. तो संपत नाही, कारण शेजारच्या कपाटात 5-25×56 ठेवलेली असते. पंचवीसपट एल्क नऊपट एल्कपेक्षा चांगला, हे गणित गिऱ्हाइकाला कुणी शिकवावे लागत नाही. त्या गणितात एक गोष्ट राहून जाते: एल्क जितका मोठा होतो तितकाच हाताचा कंपही मोठा होतो. दहा हजार फुटांवर चढण चढून धापा टाकणाऱ्या माणसाच्या पंचवीसपट दुर्बिणीत एल्क एका जागी उभा राहतच नाही. शिवाय पट वाढली की दिसणारा परिसर आक्रसतो. तिपटीला शंभर यार्डांवर साधारण 30 फूट रुंदीचा देखावा दिसतो, नऊपटीला त्याच्या निम्म्याहून कमी. दाट झाडीत जनावर अचानक जवळ निघाले, तर नऊपटीत नुसती तपकिरी लव दिसते. ती खांद्याची, मांडीची की कुजलेल्या ओंडक्यावरच्या शेवाळाची, हे ठरेपर्यंत लव निघून गेलेली असते.

गोळीचा मार्गही दुर्बिणीच्या किमतीप्रमाणे बदलत नाही. थर्टी-ऑट-सिक्स जातीच्या रायफलीतून 180 ग्रेनची गोळी सोडली आणि नेम 200 यार्डांवर जुळवलेला असला, तर 300 यार्डांवर ती सुमारे 8 इंच खाली लागते आणि 400 वर जवळजवळ 2 फूट. दुर्बीण कितीही पटींची घेतली तरी हे दोन फूट भरून निघत नाहीत. ते आधी माहीत असावे लागतात, आणि माहीत होण्यासाठी चांदमारीवर जावे लागते. चांदमारीवर जायला आळस करणारेच मोठ्या पटींच्या मागे असतात, असे नियम म्हणून सांगता येणार नाही. पण पटी वाढवल्या की सराव लागत नाही, या समजावर दुकानदाराचा धंदा उत्तम चालतो.

आता उजेडाचा भाग. कोलोरॅडोत सूर्योदयाआधी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढ्या वेळात गोळी झाडता येते, आणि एल्क चरायला उघड्यावर येतो तो बरोबर याच दोन कडेच्या अर्ध्या तासांत. भिंगाच्या व्यासाला पटीने भागले, की डोळ्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते. 40 भागिले 9 म्हणजे साडेचार मिलिमीटरच्या आत. तीच दुर्बीण चारपटीवर आणली तर पूर्ण 10. जर्मनीत मचाणावर बसून चांदण्यात रानडुकरे मारणारे लोक 8×56 वापरतात, तिचा झोत 7 मिलिमीटरचा. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण तेवढीच उघडते. पन्नाशीत ती पाचाच्या आसपास अडते आणि उरलेला महागाचा उजेड बुबुळावर पडून वाया जातो. यात निसर्गाने थोडी चेष्टा केलेली आहे: बाहुली सातची असते तेव्हा खिशात पैसे नसतात, आणि पैसे जमेपर्यंत बाहुली पाचची झालेली असते. अंधार पडू लागला की पट कमी करावी, हा उपाय फुकटचा आहे. त्यामुळे तो कुणी सहसा विकत नाही.

खरे पैसे मोजायचे ते काचेवरच्या लेपासाठी. उघड्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे 4 टक्के प्रकाश परत फिरतो, आणि दुर्बिणीत असे पृष्ठभाग बरेच असतात. त्यावर 1935 साली झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला याने परावर्तन रोखणारा लेप शोधला. जाहिरातवाल्यांनी पुढे त्याच्या चार जाती केल्या. ‘कोटेड’ म्हणजे कुठल्यातरी एका काचेला एक थर दिलेला आहे. ‘फुली कोटेड’ म्हणजे हवेला लागणाऱ्या सगळ्या काचांना एकेक थर. ‘मल्टिकोटेड’ म्हणजे कुठल्यातरी काचेला अनेक थर. कुठल्या, ते विचारू नये. ‘फुली मल्टिकोटेड’ म्हणजे सगळ्यांना अनेक. घ्यायची ती ही चौथी. पहिल्या तिन्ही नावांत खोटा शब्द एकही नाही, हे त्यांचे कौशल्य.

थंडीत काच आतून धुरकटणे ही जुनी खोड. ऑरेगनमधल्या मार्कस ल्युपोल्ड यांचे एक हरीण अशा धुरकटलेल्या दुर्बिणीमुळे निसटले. रागाच्या भरात त्यांनी स्वतःच दुर्बिणी करायचे ठरवले आणि 1947 पासून त्यांच्या कारखान्याच्या दुर्बिणी बाजारात आल्या. नळीतली दमट हवा काढून नायट्रोजन भरायची पद्धत त्यांनी रुळवली. त्या एका हरणाच्या सुटकेची किंमत पुढच्या हरणांनी चुकवली. याच कारखान्याने 1962 साली आणलेली फुली, बाहेर जाड आणि मध्यभागी बारीक, संधिप्रकाशात पटकन दिसते. हल्ली फुलीच्या खाली ठिपक्यांचे आणि रेघांचे झाड काढून देतात. ते वाचता येईपर्यंत एल्क उभा राहील, अशी अपेक्षा त्यामागे असावी.

डोळा आणि दुर्बीण यांच्यातल्या अंतराकडे दुकानात कुणाचेच लक्ष नसते. ते साडेतीन ते चार इंच असावे. थ्री हंड्रेड विंचेस्टर मॅग्नमसारखी रायफल जोरात मागे येते, आणि अंतर अपुरे असेल, विशेषतः चढावर नेम धरला असेल, तर दुर्बिणीची कड भुवईवर बसते. तिथे उमटणारी खूण अगदी चंद्रकोरीच्या आकाराची असते. मराठी कपाळावरची चंद्रकोर पुसता येते. ही शिवून घ्यावी लागते.

जनावरे हुडकायला गळ्यातली दुर्बीण वेगळी हवी. रायफलीवरची दुर्बीण जिकडे पाहते तिकडेच रायफलीची नळीही पाहत असते. कोलोरॅडोत रायफलीच्या हंगामात प्रत्येक शिकाऱ्याला किमान 500 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कापड अंगावर घालावे लागते. तरीही झाडीत हललेले काय आहे, हे पाहण्यासाठी रायफल उचलणारे लोक आहेत. पलीकडच्या नारिंगी माणसाला त्यांचे कुतूहल आवडत नाही.

शेवटी जोडणी. दुर्बीण हजार डॉलरची आणि ती रायफलीला धरणाऱ्या कड्या वीस डॉलरच्या, हा संसार टिकत नाही. स्क्रू ठरलेल्या जोरानेच आवळावेत, मग चांदमारीवर नेम जुळवावा, आणि विमानातून किंवा खेचरावरून सामान तळावर पोचले की तिथे कागदावर पुन्हा एक-दोन गोळ्या झाडून खात्री करावी. एका काडतुसाला दोन-तीन डॉलर पडतात म्हणून अनेक जण हे टाळतात. कोलोरॅडोत बाहेरून येणाऱ्या शिकाऱ्याला एल्कचा परवाना सातशे डॉलरच्या वर पडतो, आणि नेम चुकला म्हणून तो परत घेतला जात नाही.