हेडरकाका

आमच्या कार्यालयातल्या मेल सर्व्हरचे राखणदार म्हणजे हेडरकाका. खरं नाव पगारपत्रकात आहे, पण नावावर विश्वास ठेवू नये हे त्यांचंच मत. मोठ्या साहेबांचा मेल आला की आम्ही घाईघाईनं मजकूर वाचतो आणि घाम पुसतो. काका मजकुराकडे ढुंकूनही बघत नाहीत. 'शो ओरिजिनल' दाबतात, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढतात आणि म्हणतात, "फ्रॉममध्ये काय, वाट्टेल ते लिहिता येतं हो! रिटर्न-पाथ काय म्हणतोय?"

नवा माणूस रुजू झाला की चहाबरोबर त्याला 1982 साल पाजलं जातं. जॉन पोस्टेल यांनी त्या वर्षी एसएमटीपीचे, म्हणजे मेल पोचवण्याचे, नियम लिहिले. त्यांत पाठवणारा खरा तोच का, हे विचारायची सोयच नव्हती. पाकिटावरचा पत्ता निराळा, आतल्या कागदावरचा निराळा. सर्व्हर पाकीट बघून मेल पोचवतो, आपण वाचतो तो कागद. "लग्नपत्रिकेत निमंत्रक म्हणून राष्ट्रपतींचं नाव छापलं, तर पोस्टमन अडवतो का?"

मग एसपीएफ. या डोमेनचा मेल कोणकोणती यंत्रं पाठवू शकतात, त्याची डीएनएसमधली, म्हणजे इंटरनेटच्या पत्तावहीतली, यादी. पण ती ताडून बघतात पाकिटावरच्या पत्त्याशी. शिवाय कुणी मेल आपोआप पुढे पाठवत असेल, तर अस्सल मेलही नापास होऊ शकतो. म्हणून मेलबरोबरच जाणारी डीकेआयएमची डिजिटल सही. आणि 2012 साली आलेलं डीमार्क. इथे काकांचा आवाज चढतो. आपल्याला दिसणाऱ्या पत्त्याचं डोमेन या दोहोंपैकी एकाशी तरी जुळलंच पाहिजे! नाही जुळलं तर सोडायचं, स्पॅममध्ये ढकलायचं की दारातूनच हाकलायचं, ही इच्छा डोमेनच्या मालकानं जाहीर करायची. 'रिजेक्ट' हा शब्द काका टेबलावर मूठ आपटून उच्चारतात.

जीमेलवर दिवसाला 5000 हून जास्त मेल धाडणाऱ्यांना फेब्रुवारी 2024 पासून डीमार्क सक्तीचं झालं, तेव्हा काकांनी पेढे वाटले. (आमचे मेल दिवसाला पाचशेही नसतील.)

परवा सहज विचारलं, "काका, आपल्या डोमेनचं काय?"

काका चष्मा पुसू लागले. "नन."

"म्हणजे?"

"म्हणजे नुसतं बघायचं. रोज अहवाल येतात, मी वाचतो." मग आवाज खाली आणून, "रिजेक्ट लावलं, आणि पगाराच्या स्लिपा पाठवणाऱ्या ठेकेदाराचा सर्व्हर आपल्या यादीत नसला, तर सगळं ऑफिस माझ्या टेबलाशी येईल हो!"

साऱ्या जगावर संशय घेणारा हा माणूस घाबरतो तो फक्त स्वतःच्याच यादीला. ठेकेदाराला पत्र लिहायचं गेली कित्येक वर्षं त्यांच्या मनात आहे. तेव्हा वाचकहो, आमच्या कार्यालयाच्या नावानं पैसे मागणारा मेल तुम्हाला आला, तर कृपया आधी फोन करा.