बंदर क्रमांक ८०८०

अर्नाळ्याला बंदरं दोन. एक सगळ्यांना ठाऊक असलेलं. तिथून किल्ल्याच्या बेटाकडे होडी सुटते आणि तिथला सुक्या बोंबलांचा वास विरारच्या एसटीत तुमच्याआधी जागा धरून बसतो. दुसरं आमच्या घरात, टीव्हीच्या कपाटाखाली. त्याचा क्रमांक ८०८०. तिथे लाटा येत नाहीत, पण माल उतरतो.

संगणकवाले अशा दाराला पोर्ट म्हणतात, आणि या पोर्टवर सॅबएनझेडबीडी नावाचा प्रोग्रॅम मुक्कामाला आहे. हे नाव उच्चारताना दातांची कवळी जागेवर राहील याची खात्री देता येत नाही, म्हणून आईनं पहिल्याच दिवशी त्याचा ‘साबुदाणा’ करून टाकला. एका एकादशीला मी “साबुदाणा अडकलाय” असं ओरडलो, तर ती झारा घेऊन बाहेर आली.

साबुदाण्याचं काम यूजनेटवरून फायली उतरवून घेणं. यूजनेट म्हणजे या सगळ्या समाजमाध्यमांचे पणजोबा. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यात ते आलं आणि १९८० मध्ये सुरू झालं. त्याला मालक नाही, मुख्यालय नाही. एका सर्व्हरवर टाकलेला मजकूर तो शेजारच्या सर्व्हरला देतो, शेजारचा पुढच्याला. अर्नाळ्यात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे कुणाची सोयरीक मोडली ही बातमी याच पद्धतीनं मासळीच्या पाट्यांबरोबर आगाशीपर्यंत जाते. १९९०च्या दशकात अमेरिकेतली मराठी मंडळी ‘सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी’ या तिथल्या कट्ट्यावर जमायची आणि देवनागरीची सोय नसल्यामुळे रोमन लिपीत मराठी लिहायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये गूगलनं आपल्या बाजूनं यूजनेटचं दार लावून घेतलं, तरी पणजोबा अजून ओसरीवर बसून आहेत.

“पण तू तिथून उतरवतोस काय?” बायकोनं विचारलं.

“लिनक्स.”

लिनक्स म्हणजे कुणीही फुकट आणि राजरोस उतरवून घ्यावी अशी संगणकप्रणाली. चोरून सिनेमे उतरवणारा यूजनेटवालाही या प्रश्नाला हेच उत्तर देतो, आणि ते ऐकून समोरचा डोळा मिचकावतो. माझ्या बाबतीत ते खरं आहे, त्यामुळे तर कुणालाच पटत नाही. “घरात कॉम्प्युटर एक, आणि लिनक्स चौदा?” एवढंच म्हणून ती पोळ्या लाटायला गेली. लाटण्याचा आवाज त्या दिवशी जरा जास्त होता.

उतरवणं हा तसा निमित्ताचा भाग. खरी मजा सेटिंगमध्ये. कुठला माल कुठल्या फोल्डरात, कुणाला आधी, कुणाला नंतर. दिवसा वेग तीस टक्के, म्हणजे बायकोच्या व्हिडिओ कॉलवर बहिणीचा चेहरा चौकोन चौकोन होत नाही. रात्री एक ते पाच पूर्ण मोकळीक. काम संपलं की एक छोटी स्क्रिप्ट चालते आणि माझ्या फोनवर निकाल पाठवते. तिच्या हिशेबात शून्य म्हणजे उत्तम, एक किंवा दोन म्हणजे गडबड. आमच्या मास्तरांच्या हयातीत ही पद्धत आली असती तर मी बोर्डात आलो असतो.

मग सुचलं की हे सगळं ऑफिसातून, चर्चगेटहून चालवता आलं पाहिजे. सेटिंगमध्ये बाहेरून येणाऱ्याला कुठवर सोडायचं याच्या पायऱ्या आहेत. कुणाला अजिबात प्रवेश नाही. कुणी फक्त फाईल टाकून जावं. कुणी रांग हलवावी पण सेटिंगला हात लावू नये. कुणाला सगळं घर मोकळं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर, देवघर. आमच्या आजीनं हे धोरण कुठलाही मेनू न उघडता आयुष्यभर राबवलं.

बंदर जगाला सरळ उघडं करावं असा मोह झाला होता. पण गच्चीवरून समोर किल्ला दिसतो. वैतरणेच्या मुखाशी तो बांधला तो देखाव्यासाठी नव्हे. १७३७ मध्ये मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला आणि बाजीरावांच्या काळात नव्यानं बांधून काढला, कारण खाडीचं तोंड ज्याच्या ताब्यात, आत येणारं-जाणारं गलबत त्याच्या नजरेत. उघड्या पोर्टांची दारं रात्रंदिवस खटखटवत फिरणारे आज संगणकावरही आहेत. तटबंदी नसेल तर साबुदाणा माझा, आणि खिचडी दुसऱ्याच्या ताटात.

शिवाय तसं उघडता आलंही नसतं. आमचं कनेक्शन बाहेरच्या जगाला वेगळं दिसतच नाही. कितीतरी घरांना मिळून एकच पत्ता. म्हणजे पाकिटावर ‘वैती, मु. पो. अर्नाळा’ एवढंच लिहिल्यासारखं. पोस्टमन अख्ख्या वाडीत विचारत फिरणार. शेवटी टेलस्केल नावाची सोय सापडली. तिनं माझा फोन आणि घरचा संगणक यांच्यामध्ये एक चोरवाट खणून दिली, जी फक्त त्या दोघांनाच ठाऊक.

त्या दिवसापासून माझं विरार लोकलमधलं आयुष्य बदललं. नालासोपाऱ्याला १२ टक्के. वसईला १९. भाईंदरच्या खाडीवर नेटवर्क गेलं की माझा श्वास अडकायचा. बोरिवलीला ३१. शेजारचे लोक वाकून बघायचे, एकानं “हा शेअर घ्यावा का?” असं विचारलं, आणि मी “थांबा, अजून उतरतोय” म्हणालो. त्यानं मान डोलावली. त्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही.

एकदा मीरा रोडला गर्दीचा लोंढा आत आला आणि कुणाचं तरी कोपर माझ्या अंगठ्यावर, अंगठा पडद्यावर, आणि पडद्यावर नेमकं ‘सगळं काढून टाका’. “खात्री आहे का?” असं यंत्रानं सभ्यपणे विचारलंसुद्धा. दुसऱ्या कोपरानं होकार दिला. चर्चगेटपासून अर्नाळ्यापर्यंतचं नियंत्रण माझ्या हातात होतं. हात तेवढा माझ्या ताब्यात नव्हता.

रविवारी हे मी शेजारच्या काकांना सांगत होतो. काका डोलवाले. किनाऱ्यावर बसून फाटकं जाळं शिवत होते. मला उगाच जवळीक वाटली, कारण साबुदाणाही हेच करतो. यूजनेटवर फाईल हजारो तुकड्यांत येते, काही तुकडे वाटेत हरवतात. त्यासाठी ‘पार-टू’ नावाचे दुरुस्तीचे तुकडे सोबत असतात. दहा हरवले तर दुरुस्तीचे दहा हवेत, मग त्यातला कुठलाही कुठल्याही भोकाला बसतो. काका म्हणाले, “असा दोरा असेल तर मलापण आणून दे.”

मी फोन काढून त्यांना पट्टी दाखवली. ६२ टक्के.

“आता?”

“६३ होईल.”

“तू बघितलास म्हणून?”

काका डोल लावतात म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना जाळं बांधतात, तोंड पाण्याच्या ओढीकडे. ओढ मासळी आणून खोल्यात, म्हणजे जाळ्याच्या टोकाच्या पिशवीत, भरते. ओढ थांबायच्या वेळेला जाऊन जाळं वर घ्यायचं. मधल्या वेळात काका चक्क झोपतात. वेळ कशी कळते? तिथीला पाऊणनं गुणायचं, की भरतीची वेळ आली. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. सेटिंग एवढंच. दूरनियंत्रण चंद्राकडे आहे, आणि त्याला कुणी लोकलमध्ये कोपर मारत नाही.

मी घरी आलो आणि जे कुठलाही शहाणा माणूस करणार नाही ते केलं: तिथीला पाऊणनं गुणणारी स्क्रिप्ट लिहिली. आता साबुदाणा भरतीबरोबर सुटतो. तिथी कॅलेंडरात बघून आई सकाळी एक आकडा टाकते आणि “घातली रे तुझी तिथी” असं फोनवर सांगते. वेगात काडीचा फरक पडलेला नाही. पण वेळ रोज पाऊण तासानं सरकते, त्यामुळे कधी बघायचं हेच माझ्या लक्षात राहत नाही, आणि फोन खिशात राहतो. परवा खूप वर्षांनी भाईंदरची खाडी पाहिली. रुंद आहे.

संध्याकाळी काका भेटले. “काढलीस का डोल?”

निकाल आला होता: एक. दुरुस्तीला तीन तुकडे कमी पडले, पंधरावं लिनक्स गेलं.

“तुमची?”

“दोन पिशव्या, एक चप्पल.” काकांनी पाण्याकडे पाहिलं. “वेळ बरोबर होती. मासा नव्हता.”

मग आम्ही दोघांनी उद्याची तिथी विचारली. आईला.