तयार परमिट घेणे आहे : होतकरू हेलिकॉप्टर मालकांसाठी

कारखाना झाला, इंजिनिअरिंग कॉलेज झालं, पेट्रोल पंपही झाला, आता हेलिकॉप्टर तेवढं राहिलं, अशी ज्यांची अवस्था आहे त्यांच्यासाठी ही मार्गदर्शिका. स्वतःपुरतं हेलिकॉप्टर घ्यायचं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. भाड्याने उडवून पैसे मिळवायचे असतील तर मात्र डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं. नवीन काढायचं म्हणजे आधी विमान वाहतूक मंत्रालयाची तत्त्वतः मंजुरी, संचालकांची गृहखात्याकडून सुरक्षा छाननी आणि मग डीजीसीएच्या पाच टप्प्यांची वारी. कोणाच्या तरी लग्नात पंगतीला बसलेला एखादा जाणकार म्हणतो, "कशाला या भानगडीत पडता शेठ? एक कंपनी आहे, धंदा बसलाय, पण परमिट जिवंत आहे. घेऊन टाका."

आपल्या प्रशिक्षणाची सुरुवात या वाक्यापासून होते.

पायरी पहिली : परमिट विकत मिळत नाही. ते हस्तांतरणीय नसतं. ज्या कंपनीला दिलं त्याच कंपनीचं राहतं. तुम्ही घेता ते त्या कंपनीचे शेअर. जमीन घेतली की फेरफार होतो, सातबारावर आपलं नाव चढतं आणि आपण पेढे वाटतो. इथे परमिटवरचं नाव तेच राहतं, फक्त मागचा बोजा तुमच्या अंगावर येतो. हँगरचं थकलेलं भाडं, जुन्या इंजिनिअरचा ग्रॅच्युइटीचा दावा, करखात्याच्या नोटिसा, सगळं आलं. आणि ज्यांना कंपनी नवीन नाही त्या अधिकाऱ्यांना तुम्ही नवीन असता. नव्या संचालकांची सुरक्षा छाननी होते ती होतेच. म्हणजे जी रांग चुकवायला निघालात तिच्यातच उभे राहता, फक्त खिसा रिकामा करून.

पायरी दुसरी : हेलिकॉप्टर बघायला जा. बहुतेक जण इथे चुकतात, कारण ते हेलिकॉप्टरच बघतात. रंग चकचकीत आहे, सीट चामड्याच्या आहेत, बसून फोटो निघतो. बघायचं असतं लॉगबुक. रोटरची पाती, गिअरबॉक्स, हब अशा भागांना तासांचं आयुष्य ठरवून दिलेलं असतं. ते संपलं की भाग दिसायला कितीही धडधाकट असला तरी काढावाच लागतो. प्रत्येक भागाचं कार्ड असतं. कार्डावरची नोंद आणि भागावरचा सिरीयल नंबर जुळत नसेल, तर तो भाग कागदोपत्री अस्तित्वातच नाही असं समजा. बिचारं हेलिकॉप्टर जुहूच्या खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळे झाकून उभं असेल तर गंज कुठवर गेलाय हे सांगायला माणूस आत घालावा लागतो. हा माणूस विक्रेत्याने सुचवलेला नसावा.

मग विचारा, हे हेलिकॉप्टर आहे कोणाचं? पुष्कळदा ते परदेशी लीज कंपनीचं निघतं. करारात कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की मालकी बदलली तर आम्ही ते परत नेऊ, आणि नोंदणी रद्द करून घेण्याचं अधिकारपत्रही त्यांनी आधीच घेऊन ठेवलेलं असतं. हेलिकॉप्टर गेलं तर हातात राहतं ते एकही यंत्र नसलेलं परमिट. कस्टमचंही विचारा. भाड्याने चालवणार म्हणून शुल्कात सवलत घेऊन आणलेली विमानं मालकांनी स्वतःच्याच कंपनीसाठी फिरवली, यावरून आपल्या देशात वर्षानुवर्षं खटले चालले आहेत. तसलं एखादं प्रकरण वारसाहक्काने तुमच्याकडे येऊ नये.

पायरी तिसरी : माणसं. किमतीतला सगळ्यात मोठा वाटा खरं तर इथे असायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि व्यवहाराच्या कागदात मात्र त्यावर एक ओळही नसते. ऑपरेशन्सचा प्रमुख, एअरवर्दीनेस सांभाळणारा मॅनेजर, सुरक्षेचा प्रमुख ही पदं असतात आणि त्या पदांवर कोण बसतंय हे डीजीसीए अनुभव बघून ठरवते. कंपनी विकली जातेय ही कुणकुण लागली की नेमकी हीच माणसं पहिल्यांदा राजीनामा देतात, कारण त्यांना दुसरीकडे मागणी असते. ती गेली की परमिट भिंतीवर टांगण्याच्या लायकीचं उरतं. तेव्हा इसार देण्याआधी त्यांच्याबरोबर चहा घ्या. मालकाबरोबर नंतर घेता येईल.

या सगळ्यांच्या वर एक अकाउंटेबल मॅनेजर असतो. पैसा मंजूर करण्याचा अधिकार त्याचा आणि काही चुकलं तर उत्तर देण्याची जबाबदारीही त्याचीच. इथे घरात सल्लामसलत होते आणि एकमताने ठरतं, "पुतण्या रिकामाच आहे, त्याला बसवू." पुतण्याला पुढची हकिकत वाचून दाखवा. 15 जून 2025 रोजी पहाटे केदारनाथहून गुप्तकाशीकडे निघालेलं बेल 407 हेलिकॉप्टर गौरीकुंडजवळ कोसळलं. दरीत ढग उतरले होते. सातही जण गेले. त्यांत आपल्या वणीचं एक कुटुंब होतं, लहान मुलीसह. ठरवून दिलेल्या वेळेआधी आणि हवामानाकडे दुर्लक्ष करून उड्डाण केल्याचा आरोप ठेवून पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तो त्या कंपनीच्या अकाउंटेबल मॅनेजरवर आणि आणखी एका मॅनेजरवर. पुतण्याने तरीही हो म्हटलं तर त्याने नीट ऐकलेलं नाही. दुसरा माणूस शोधा.

पायरी चौथी : थांबा.

मंजुरीसाठी थांबण्याच्या काळात एक गोष्ट समजून घ्या म्हणजे जीव हलका होईल. खुद्द सरकारलाही आपली हेलिकॉप्टर कंपनी विकता आलेली नाही. पवन हंस 1985 साली स्थापन झाली. 51 टक्के सरकारची, 49 टक्के ओएनजीसीची. मुंबई हायच्या फलाटांवर माणसं नेण्या-आणण्यात हिची हयात गेली. आधीचे प्रयत्न फसल्यावर एप्रिल 2022 मध्ये सरकारी हिस्सा एका तीन भागीदारांच्या कंपनीला द्यायचं ठरलं. राखीव किंमत 199.92 कोटी, बोली 211.14 कोटी. 42 हेलिकॉप्टरांचा ताफा असलेल्या कंपनीचे हे पैसे ऐकून कोणी नाक मुरडलं, कोणी म्हातारी यंत्रं मोजून मान डोलावली. पण गाडं अडलं वेगळ्याच ठिकाणी. त्या तिघांपैकी एका भागीदाराविरुद्ध राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाच्या कोलकाता खंडपीठाचा दुसऱ्याच एका प्रकरणातला आदेश पुढे आला, व्यवहार स्थगित झाला आणि जुलै 2023 मध्ये विक्री गुंडाळली गेली. बोलीचा आकडा बरोबर होता. बोली लावणारा कोण, यावर फाटलं. तुमच्या प्रकरणातही दिल्लीतला सगळा वेळ याच प्रश्नावर जाणार आहे, म्हणून भागीदार घेताना त्याची बँकेतली शिल्लक बघून हुरळून जाऊ नका. त्याचे कोर्टातले तारखांचे कागद मागा.

पायरी पाचवी : मॅन्युअल. ऑपरेशन्स मॅन्युअल, मेंटेनन्सचं, सुरक्षेचं, प्रशिक्षणाचं, धोकादायक मालाचं, अशी थप्पी कंपनीबरोबर मिळते आणि विक्रेता ती अभिमानाने दाखवतो. ती वाचायची असते, हे सांगावं लागतं. अशी मॅन्युअल एकमेकांवरून उतरवलेली असतात. रत्नागिरीला उडणाऱ्या कंपनीच्या पुस्तकात बर्फ साचलेल्या हेलिपॅडवर उतरण्याचं सविस्तर प्रकरण सापडलं आणि समुद्रावरच्या उड्डाणाबद्दल दीड परिच्छेद, तर मूळ पुस्तक कुठलं हे इन्स्पेक्टरच्या लगेच लक्षात येतं. मग तो तुमच्या चीफ पायलटला विचारतो, "यातलं पान साठ तुम्ही कसं अंमलात आणता?" या प्रश्नाचं उत्तर शेठने देऊ नये. शेठने त्या बैठकीत पाणी प्यावं.

हे सगळं पार पडलं, नवे संचालक मंजूर झाले, पदांवर माणसं बसली, हेलिकॉप्टर परमिटवर चढलं, की निवडणूक लागते. आता तुम्ही खरे मालक. कारखान्याच्या मैदानावर टँकरने पाणी मारून धूळ बसवलेली आहे, फक्कीने आखलेला एच अर्धा पुसलाय, कडेला अग्निशमनची गाडी, पोरांची झुंबड. सभा लांबली आहे. पायलट घड्याळ बघतोय, कारण असल्या तात्पुरत्या हेलिपॅडवरून सूर्य मावळल्यावर उडता येत नाही. उमेदवार माइक सोडत नाही. मग तुम्हाला फोन येतो : "शेठ, तुमचा पायलट नाही म्हणतोय. शेजारच्या तालुक्यात अजून एकच सभा आहे, दहा मिनिटांचं अंतर. जरा सांगा ना त्याला."

यासाठी दोन तयाऱ्या आधीच करून ठेवा. पायलटचा नंबर आपल्या फोनमधून काढून टाका, त्याच्या वरिष्ठाचा तेवढा ठेवा आणि तोही त्याला पाठिंबा द्यायचा असेल तरच लावा. दुसरं, प्रत्येक सभेच्या ठिकाणी डिझेल भरलेली एक इनोव्हा ड्रायव्हरसकट उभी ठेवा. तिचा खर्च धंद्याच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरा. तिला डीजीसीएची मंजुरी लागत नाही.