कुलूपबंद घर कसं मोजावं

अभिनंदन. जनगणनेच्या कामासाठी तुमच्या नावाचा आदेश निघाला आहे. म्हणजे एकतर तुम्ही शाळेत नवे आहात किंवा स्टाफ मीटिंगमध्ये फार बोलता. दोन्ही गुन्ह्यांना शिक्षा एकच: एक प्रगणन गट, सव्वाशे-दीडशे घरं आणि अख्खा फेब्रुवारी. १ मार्च २०२७ ला रात्रीचे बारा वाजतील तेव्हा या देशात किती माणसं होती ते ठरायचंय. त्यातली सहा-सातशे तुमच्या वाट्याला आली आहेत. उरलेल्यांची काळजी करू नका, त्यांच्यामागे दुसरे मास्तर लागलेले आहेत.

प्रशिक्षणात तुम्हाला ॲप शिकवतील, रकाने शिकवतील, चहा-बिस्किटं देतील. बंद दाराचं काय करायचं, असं कुणी हात वर करून विचारलंच, तर 'पुन्हा जा' असं सांगतील. उत्तर बरोबर आहे. त्या 'पुन्हा जा'च्या पोटात काय काय असतं, एवढंच मी सांगणार आहे. २०११ साली डोंबिवलीतला एक गट माझ्याकडे होता. ९ ते २८ फेब्रुवारी अशी मुदत होती. पहिली सव्वाशे घरं मी नऊ दिवसांत उरकली आणि पर्यवेक्षकांना फुशारकीनं तसं सांगितलंही. उरलेल्या चार घरांना अकरा दिवस लागले. तरी त्यातलं एक मुदतीत हाती लागलंच नाही. चौथा मजला, लिफ्ट नाही, खोली ४०३. तिच्याकडे आपण शेवटी येऊ.

पाठ पहिला: कुलूप वाचायला शिका

नवशिका प्रगणक कुलूप बघतो आणि परत फिरतो. मुरलेला प्रगणक कुलूप बघून खाली वाकतो. कुलपावर धूळ आहे का? कडीत कोचिंग क्लासची नि पेस्ट कंट्रोलची पत्रकं खोचलेली आहेत का, आणि असली तर किती? एक पत्रक म्हणजे घरातली माणसं कामावर गेलीत. सात पत्रकं म्हणजे गावी गेलीत. उंबऱ्यावर रांगोळी असेल तर बाई सकाळपर्यंत घरात होती, मग ती कालची पुसट आहे की आजची कोरी तेवढं बघा. दाराला अडकवलेल्या पिशवीत दूध असेल तर तासाभरात कुणीतरी येणारच, कारण दूध नासू द्यायला मराठी माणूस तयार नसतो.

हल्ली कुलपं दिसेनाशी झाली आहेत. लॅचचं दार आत माणूस असतानाही बंदच दिसतं आणि नसतानाही. अशा वेळी जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत जा. ज्याच्या-त्याच्या मीटरवर खोली नंबर असतो. लाल दिवा भराभर लुकलुकत असेल तर आत पंखा चालू आहे आणि पंख्याखाली कुणीतरी आहे. मधूनच एकदा लुकलुकला तर आत फक्त फ्रिज आहे. फ्रिजची गणना करायची नाही, पण फ्रिज चालू ठेवून गेलेला माणूस परत येतो एवढं धरून चाला. दिवा अगदीच थंड असेल तर ते घर रिकाम्यांच्या यादीत टाकायला हरकत नाही, तिथे सोबतीही पुष्कळ आहे. २०११ च्या जनगणनेच्या घरयादीत देशभरात जवळपास अडीच कोटी घरं रिकामी निघाली होती. त्याच जनगणनेत माझ्या गटातल्या एका दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं राहत होती. दोन्ही आकडे एकाच खात्याकडे जमा झाले.

४०३ चा दिवा सकाळी भराभर लुकलुकत होता. दार मात्र उघडत नव्हतं.

पाठ दुसरा: बेल

गेटवर वॉचमन तुमचं नाव, मोबाइल नंबर, 'कुणाकडे' आणि 'काम काय' हे वहीत लिहून घेईल. मोजायला गेलेला माणूस आधी मोजला जातो, त्यात वाईट वाटून घेऊ नका. बेल एकदाच वाजवा. दोनदा वाजवली तर कुरिअर समजतात, तीनदा वाजवली तर वर्गणी. मग दाराच्या भिंगापासून एक पाऊल मागे सरा आणि गळ्यातलं ओळखपत्र छातीशी धरा. भिंगातून तुमचं नाक केवढं दिसतं ते एकदा स्वतःच्या दारात बायकोला विचारून घ्या. आतून 'आम्हाला काही घ्यायचं नाही' असा आवाज आला तर तो अपमान नाही, ते घरात माणूस असल्याचं पहिलं विश्वसनीय उत्तर आहे.

पाठ तिसरा: वेळ

डोंबिवलीत सकाळी सातनंतर आणि रात्री आठच्या आत पगारी माणूस सापडत नाही. तो एकतर लोकलमध्ये असतो किंवा लोकल पकडायच्या नादात. माझी शाळा दुपारची, म्हणजे मी मोकळा असायचो ते नेमकं ही मंडळी दादरला लटकत असताना. शेवटी रविवारी सकाळी पोह्यांचा वास सुटल्यावर आणि रोज रात्री साडेआठनंतर असं मी वेळापत्रक बसवलं. रात्री जाताना टीव्ही मालिकांच्या वेळाही पाठ ठेवाव्या लागतात. मालिका सुरू असताना भरलेल्या फॉर्मात मुलांची संख्या चुकते. जाहिराती लागेपर्यंत दारात थांबलेलं परवडतं.

पाठ चौथा: शेजारी

शेजारीण तुम्हाला सगळं सांगेल. समोरच्यांकडे किती जण आहेत, थोरल्याचं लग्न का जमत नाही, धाकटी कुठे नोकरी करते, आणि सासू वर्षातले किती महिने कुणाकडे असते. चहासुद्धा देईल. तुम्ही घ्यायच्या फक्त दोन गोष्टी: त्या घरात कुणी राहतं का, आणि ते केव्हा भेटेल. बाकीचं ऐकून घ्या आणि जिन्यातच सांडून या.

अमेरिकेत सगळंच उलटं आहे. तिथे फॉर्म लोकांनी आपापला भरून पाठवायचा, आणि ज्यांच्याकडून येत नाही त्यांच्या दारात माणूस जातो. २०२० साली शंभरातल्या सदुसष्ट घरांनी आपणहून उत्तर दिलं, उरलेल्यांच्या पायऱ्या तिथल्या प्रगणकांनी झिजवल्या. चकरा मारूनही कुणी भेटलं नाही तर तिकडे शेजाऱ्याला विचारून आकडा घालता येतो. ही सोय आपल्याकडे असती तर माझ्या गटाची लोकसंख्या दीडपट भरली असती आणि निम्म्या लोकांचं चारित्र्य नोंदवायला वेगळा रकाना लागला असता.

आता आपल्याकडेही स्वगणना आली आहे. लोक पोर्टलवर स्वतःची माहिती भरणार, त्यांना एक क्रमांक मिळणार, आणि तो क्रमांक त्यांनी तुम्हाला दाखवायचा. तो दाखवायला दार उघडावं लागतं, हे आतापर्यंत तुमच्या लक्षात आलंच असेल.

पाठ पाचवा: नकार

नकार देणारा माणूस कधी 'नाही' म्हणत नाही. तो म्हणतो, 'हे घरात नाहीत.' तो म्हणतो, 'मागे एकदा कुणीतरी येऊन गेलं ना!' (ते मतदार यादीवाले होते.) घरमालक म्हणतो, 'ही आमच्या पाहुण्यांची खोली.' पाहुणे चार वर्षं राहतायत आणि गॅस सिलिंडर त्यांच्या नावावर आहे, हे तुम्हाला दिसतं. तरी भाडेकराराबद्दल एक शब्द काढू नका. एका स्वयंपाकात जेवतात ते एक कुटुंब, एवढंच तुमचं शास्त्र. चूल कुठे आहे ते विचारा, मालक कोण ते नका विचारू.

लोकांना भीती असते ती कराची, पाणीपट्टीची आणि रेशनकार्डाची. गाडी आहे सांगितलं तर कार्डाचा रंग बदलेल असं वाटतं. यावर दोन औषधं आहेत. जनगणना अधिनियम, १९४८ चं अकरावं कलम म्हणतं, उत्तर नाकारलं तर हजार रुपयांपर्यंत दंड. हे कलम माहीत असू द्या आणि तोंडातून काढू नका. दंडाचं नाव घेतलेलं दार पुढची दहा वर्षं उघडत नाही. त्याऐवजी पंधरावं कलम सांगा: हे कागद कुणालाही बघायला मिळत नाहीत, आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाहीत. एका व्यापाऱ्यानं ते मला तीनदा म्हणायला लावलं, मग खुर्ची पुढे सरकवली.

नकाराची परंपरा थोर आहे, हेही मनात असू द्या. १९३१ ची जनगणना कायदेभंगाच्या धामधुमीत आली आणि काँग्रेसनं तिच्यावर बहिष्कार घातला होता. तेव्हा जो तुम्हाला फॉर्म भरून देत नाही तो आळशीच असेल असं नाही. माझ्या गटातले मात्र सगळे आळशी होते.

मला सगळ्यात आवडतं ते आठवं कलम. खरी उत्तरं द्यायची सक्ती त्यातच आहे, आणि त्यातच एक सूटही आहे: घरातल्या बायकांची नावं सांगायची पुरुषावर सक्ती नाही, आणि रूढीमुळे ज्याचं नाव घेता येत नाही त्याचं, म्हणजे नवऱ्याचं नाव सांगायची बाईवर सक्ती नाही. दिल्लीत बसून कायदा लिहिणाऱ्याला आपल्या आज्या माहीत होत्या. खोली १०२ मधल्या आजींना मी नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा त्यांनी पदर सावरला आणि सुनेकडे बघितलं. सून हसत स्वयंपाकघरात पळाली. 'आजी, कायद्यानं तुम्हाला सूट आहे,' मी म्हणालो. 'सूट कशाला हवी,' म्हणत आजींनी ठोकून दिलं:

'दारात आले मास्तर, काखेत त्यांच्या वही,
अमुकरावांचं नाव घेते, घ्या बाई सही.'

(अमुकराव मी घातलेत. पंधरावं कलम.) उखाण्यातून नाव वेचून रकान्यात घालणं प्रशिक्षणात येत नाही. आणखी एक इशारा: या वेळच्या घरयादीत घरातलं मुख्य धान्य कुठलं, हाही प्रश्न घातला आहे. नवरा विदर्भातला, बायको कोकणातली असेल तर हा प्रश्न शेवटी विचारा आणि चपला घालूनच विचारा.

पाठ सहावा: एडिसनला गेलेलं घर

गटात एक-दोन फ्लॅट असे असतातच. मुलगा-सून न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये, आईवडील नातवंडाच्या बारशाला गेलेले, किल्ली शेजाऱ्यांकडे, तुळशीला पाणी शेजारीण घालते. पूर्ण मुदतभर बाहेर असलेला माणूस या दारावर मोजायचा नाही. तुळससुद्धा नाही. पुढे चला.

पाठ सातवा: दार नसलेले

ज्यांना दारच नाही त्यांची मोजणी एका रात्रीत होते. २०११ ला ती २८ फेब्रुवारीची रात्र होती. फलाटाच्या टोकाला, पुलाखाली, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर आम्ही तिघं बॅटरी घेऊन फिरलो. वीस दिवस बेल वाजवून बोटं दुखली होती, आणि इथे वाजवायला काही नव्हतं. झोपलेल्या माणसाला हाक मारून वय विचारायचं. पांघरुणातून हात बाहेर यायचा, कुणी पन्नास म्हणायचं, कुणी 'तुम्हीच लिहा'. एकानं चादर बाजूला करून आम्हाला बसायला जागा करून दिली. साऱ्या गटात इतक्या लवकर कुणी बसा म्हटलं नव्हतं.

पहाटे पाचच्या सुमारास काम संपलं. तारीख उलटून १ मार्च झाला होता. आता पाच दिवसांची फेरतपासणी सुरू होणार होती: मध्यरात्रीच्या आत जन्मलेलं बाळ घालायचं, वारलेला माणूस काढायचा, आणि राहून गेलेल्यांना गाठायचं. माझं राहून गेलेलं एकच घर होतं. सहा चकरा, दाराखालून सरकवलेल्या दोन चिठ्ठ्या, आणि सकाळी भराभर लुकलुकणारा तो मीटर. शेजारीण म्हणायची, 'राहतं कुणीतरी, आम्ही कधी बघितलं नाही.' डोंबिवलीतली शेजारीण जेव्हा असं म्हणते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.

त्या इमारतीच्या कोपऱ्यावर दूध केंद्र आहे. मी चहाच्या आशेनं तिथे थांबलो, तर एक तिशीची बाई अर्ध्या लिटरची एक पिशवी घेऊन सुटे पैसे मोजत होती. दूधवाल्यानं तिच्या वहीत ४०३ लिहिलं. मी जवळजवळ ओरडलोच. ती दचकली, मग माझ्या गळ्यातलं ओळखपत्र बघून म्हणाली, 'दार बडवत होतात ते तुम्हीच का? मला वाटलं पाचव्या मजल्यावर फरशीचं काम चाललंय.' रात्रपाळीची नोकरी, कुठली ते सांगत नाही. सकाळी सहाला घरी, बेलची वायर काढून ठेवलेली, कानात कापूस, डोक्यावर पंखा. चिठ्ठ्या तिनं पेस्ट कंट्रोलच्या समजून टाकल्या होत्या.

'दहा मिनिटं,' मी म्हणालो.

'उभ्यानंच विचारा. बसले तर झोपेन.'

दूधवाल्यानं दोन रिकामे क्रेट एकावर एक ठेवून टेबल करून दिलं. मी पिशवीतून फॉर्म काढला. वरचे कागद दवानं ओलसर झाले होते, म्हणून खालचा घेतला. पेन झटकलं.

'कुटुंबप्रमुखाचं नाव?'

तिनं वळून मागे बघितलं, मी दुसऱ्याच कुणाला विचारतोय की काय म्हणून.