बंधुत्वाच्या नव्या वेळा

मे 2024 मध्ये डब्लिन आणि न्यूयॉर्कच्या भर रस्त्यात एकेक भलामोठा गोल पडदा उभा राहिला. नाव 'पोर्टल', कलाकार लिथुआनियाचे बेनेडिक्टस गिलिस. थेट चित्र चोवीस तास, आवाज मात्र नाही. अनोळखी माणसांनी एकमेकांना पाहावे आणि मानवजात एक आहे हे त्यांना उमगावे, हा उदात्त हेतू.

प्रयोग अपेक्षेआधीच सफल झाला. काही डब्लिनकरांनी मोबाइलवर जळत्या जुळ्या मनोऱ्यांचे फोटो न्यूयॉर्ककरांना प्रेमाने दाखवले. पलीकडून एका बाईंनी अंगावरचा शर्ट वर करून स्नेहाची परतफेड केली. आठवडाभरात एकोपा इतका वाढला की पडदा काही दिवस बंद ठेवावा लागला.

मग त्यात सुधारणा झाली. कुणी कॅमेऱ्याला फारच भिडले, की दोन्हीकडचे चित्र धूसर! माणसाला माणूस दिसावा, पण बेताने.

ही सोय संयुक्त राष्ट्रांच्या सभागृहातही तातडीने करावी: आवाज बंद, जवळ येताच धूसर. ती तिथे पूर्वीपासूनच आहे, असे म्हणणाऱ्यांकडे दुर्लक्ष करावे.

पडदा पुन्हा सुरू झाल्यावर डब्लिनमध्ये बंधुत्वाची वेळ ठरली सकाळी 11 ते रात्री 9. उरलेल्या वेळात नागरिकांनी पूर्ववत वैर पाळण्यास हरकत नाही.