पॅकर्सच्या आधी बाबा

बंगळूरमध्ये घर बदलायचं ठरलं की मराठी घरात तीन गोष्टी ओळीने घडतात. मुलगा अ‍ॅपवर पॅकर्स-मूव्हर्सचं बुकिंग करतो, सून सोसायटीच्या ऑफिसात मूव्ह-आउटचा फॉर्म भरते, आणि पुण्याहून बाबा उद्यान एक्सप्रेसमध्ये बसतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. उलट ‘बाबा, तुम्ही उगाच दगदग करू नका, सगळं तीच माणसं करतात’ असंच फोनवर बजावलेलं असतं. बाबांना त्याचा अर्थ ‘लवकर निघा’ असा लागतो. ट्रक शनिवारी यायचा असेल, तर बाबा आदल्या शनिवारी दारात हजर. आई मात्र येत नाही. तिला नेमकं त्याच आठवड्यात पुण्यात महत्त्वाचं काम असतं. काम काय, ते ती सांगत नाही.

बाबांबरोबर दोन बॅगा असतात. एकीत कपडे, दुसरीत रद्दी. “तुमच्याकडे पेपर येत नाही. मग कपबशा गुंडाळणार कशात, मोबाइलमध्ये?” या सवालाला मुलाकडे उत्तर नसतं. त्यामुळे तीन महिन्यांची वर्तमानपत्रं बर्थखाली पडून सोलापूर, कलबुर्गी मागे टाकत बेळंदूरला पोचलेली असतात.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले असतात, किंवा पाटबंधाऱ्यातून, किंवा एसटीतून. खातं कुठलंही असो, चाळीसगाव, उदगीर, सावंतवाडी अशा बदल्या झालेल्या असतात. तेव्हा पॅकर्स नव्हते. किराणा दुकानातून मागून आणलेली खोकी, सुतळी, दाभण आणि शेजारचे दोघे, एवढ्यावर संसार हलायचा. पैसे मोजून माणसं बोलवायची आणि आपण सोफ्यावर बसून बघायचं, हे त्यांच्या पचनी पडत नाही. “परकी माणसं घर आवरायला येणार, मग त्यांच्यासाठी घर आवरून नको ठेवायला?” असं त्यांचं रोखठोक तत्त्वज्ञान असतं.

त्याला इतिहासाची जोडही असते. १६३८ साली बंगळूर आदिलशाहीकडे आलं आणि शहाजीराजांना जहागिरीत मिळालं. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजीराजांनी १६७५ च्या सुमारास आपला कारभार तंजावरला हलवला, आणि मागे राहिलेलं बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजांना तीन लाखांना द्यायचं ठरवलं. व्यवहार पुरा व्हायच्या आत १६८७ मध्ये मोगल येऊन बसले, आणि तेच शहर त्यांनी चिक्कदेवराजांना दिलं, तेही तीन लाखांनाच. बाबा यातून एकच धडा काढतात : “जागा सोडायच्या आधी कागद आणि पैसा हातात पाहिजे!”

हा धडा थेट घरमालकापर्यंत पोचतो. दहा-दहा महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून घ्यायची इथली जुनी चाल, आणि परत देताना रंगकामाच्या नावाखाली महिन्याचं भाडं कापायचीही. तेव्हा बाबा भिंतींच्या मागे लागतात. खिळ्यांची भोकं पांढऱ्या टूथपेस्टने बुजवतात, वर बोट फिरवतात आणि दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक करून बघतात. चार दिवस हॉलला पुदिन्याचा वास येत राहतो.

फ्रिज चोवीस तास आधी बंद करून बर्फ वितळवावा, असं कंपनीच्या सूचनांतही असतं. बाबा तो बुधवारीच बंद करतात. मग घरात संपवासंपवी सुरू होते. इडलीचं पीठ, गोठवलेले मटार, अर्धा डबा श्रीखंड आणि कुणालाच ओळखू न आलेली एक वाटी, यांचं मिळून जे जेवण होतं त्याला नाव देता येत नाही. सिलिंडर कंपनी ट्रकमध्ये घेत नाही असं कळल्यावर शुक्रवारी सकाळीच रेग्युलेटर निघतो. चहा इंडक्शनवर करायचा. इंडक्शन खोक्यात. खोकं क्रमांक चार. सगळ्यात खाली.

शनिवारी मुकादम आणि चार पोरं येतात. हॉलमध्ये क्रमांक घातलेली, सुतळीने आवळलेली, ‘नाजूक’ लिहिलेली खोकी रांगेत उभी. मुकादम रांगेकडे बघतो, मग बाबांकडे.

“अंकल, ये आपने बांधा?”

“हां,” बाबा छाती काढून.

“मालक के पॅकिंग का इन्शुरन्स नहीं होता. खोलना पडेगा.”

मग उदगीरच्या गाठी बंगळूरच्या पोरांना सुटता सुटत नाहीत. पुण्याचे पेपर हॉलभर पसरतात आणि त्याच कपबशांना नव्याने बबल रॅप चढतो. ते पेपर गोळा करून, हाताने इस्त्री करत, बाबा घड्या घालत बसतात. मधूनच त्यांना येणारे दोन कन्नड शब्द, ‘निधान’ आणि ‘बेगा’, म्हणजे सावकाश आणि लवकर, ते एकाच दमात ओरडतात. पोरं दोन्ही आज्ञा एकदम पाळायचा प्रामाणिक प्रयत्न करतात.

आणि मग वॉशिंग मशीन येतं. फ्रंट लोड. आतला ड्रम हलू नये म्हणून तो मागून जखडायचे बोल्ट लागतात. मशीन बसवताना ते काढलेले असतात.

“बोल्ट है?” मुकादम विचारतो. मुलगा सुनेकडे बघतो, सून छताकडे.

बाबा शांतपणे उठतात. आपल्या कपड्यांच्या बॅगेतून च्यवनप्राशची एक रिकामी डबी काढतात. तीत चारही बोल्ट. वर चिठ्ठी : ‘वॉशिंग मशीन, मागचे. फेकू नये.’ बसवणाऱ्याने ओट्यावर टाकून दिलेले ते बोल्ट बाबांनी तेव्हाच उचलून पुण्याला नेलेले असतात, कारण इथे ते टिकणार नाहीत याची त्यांना खात्री असते.

मुकादम डबी हातात घेतो. “अंकल, आप इसी लाइन में थे क्या?” उभ्या नोकरीत मिळालेल्या एकाही बढतीने बाबांचा चेहरा इतका उजळलेला नसतो. यानंतर ट्रक भरेपर्यंत कुठली वस्तू आधी, कुठली नंतर, हे मुकादम बाबांना विचारून ठरवतो. निदान तसं दाखवतो.

बेळंदूर ते सर्जापूर रोड हे अंतर ट्रक बंगळूरच्या रिवाजाप्रमाणे संध्याकाळपर्यंत कापतो. रविवारी नव्या घरात बाबा रिकामी खोकी चपटी करून माळ्यावर रचतात. भाडेकरार अकरा महिन्यांचा, कारण वर्षाच्या वर गेला की १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तो रजिस्टर करावा लागतो. म्हणजे पुढचं शिफ्टिंग फार लांब नाही. बाबा लगेच पुण्याला फोन लावतात.

“अगं ऐक, आजपासून रद्दी विकू नकोस. अकरा महिन्यांनी लागेल.”

पलीकडून आई म्हणते, “ठेवते. पण अकरा महिने थांबायलाच हवं का?”