हियोरीमी: टोकियोहून खुलासा

निशी-कासाई, टोकियो

ती. अप्पा व ती. सौ. आई यांस,

हियोरीमी म्हणजे मुळात हवेचा अंदाज घेणे. शिडाच्या गलबतांच्या काळी हे मानाचे काम होते. जपानच्या अनेक जुन्या बंदरांशेजारी ‘हियोरीयामा’ नावाची टेकडी असते. साकाताची त्यांपैकी प्रसिद्ध. तांदळाची गलबते हाकारण्यापूर्वी जाणती माणसे तिथे चढून, दिशा कोरलेल्या दगडापाशी उभी राहून ढग-वारा न्याहाळत. अंदाज चुकला तर माल आणि माणसे दोन्ही समुद्रार्पण. पुढे हाच शब्द, कोण जिंकतो ते पाहून उडी घेणाऱ्यांना चिकटला आणि त्याची अब्रू गेली ती गेलीच.

या पंथाचा मेरुमणी कोबायाकावा हिदेआकी. १६०० साली सेकीगाहाराच्या लढाईत तो पश्चिमेच्या फौजेत होता. आतून शत्रुपक्षाच्या तोकुगावा इएयासूलाही शब्द दिलेला. दोन्ही डगरींवर हात ठेवून स्वारी सकाळभर मात्सुओ टेकडीवर, खाली धुमश्चक्री. दुपारच्या सुमारास उतरला तो स्वपक्षाच्याच ओतानी योशित्सुगूवर. इएयासूने वैतागून टेकडीकडे बंदुका झाडायला लावल्या, ही कथा रंगवून सांगतात. इतिहासकारांना ती आता फारशी पटत नाही. बक्षिसी म्हणून ओकायामा मिळाले, पण दोन वर्षांत हिदेआकी निपुत्रिक वारला.

त्सुत्सुई जुनकेईवर मात्र निव्वळ अन्याय झाला. १५८२ मध्ये सत्ताधीश नोबुनागाच्या अंतानंतर त्याच्या सरदारांपैकी मित्सुहिदे जिंकतो की हिदेयोशी, हे पाहत तो होरा खिंडीत बसून राहिला असा प्रवाद. त्यावरून वाक्प्रचारही पडला. प्रत्यक्षात जुनकेई आपल्या कोरियामाच्या किल्ल्यातच होता. खिंडीत वाट पाहत बसला तो मित्सुहिदे. घरबसल्या खिंडीत सापडलेला असा सरदार विरळाच.

हल्ली हा शब्द पोटातही शिरला आहे. जपानी आरोग्यविषयक लिखाणात आतड्यातल्या जंतूंचे चांगले, वाईट आणि ‘हियोरीमी’ असे तीन गट करतात. तिसरा गट वरचढाच्या बाजूचा. त्याला आपल्याकडे वळवण्यासाठी दही खावे, असा उपदेश असतो. आपल्या सूनबाईंच्या मते हे आघाडी सरकारच.

थोरले काका व धाकटे काका यांच्या बांधाच्या वादात टोकियोकर कोणाच्या बाजूचे, ही विचारणा पोचली. मोजणीची ‘क’ प्रत हाती आल्यावर मत कळवण्यात येईल. तोवर दोन्ही काकांना सारखाच नमस्कार सांगावा.

आपला,
टोकियोतील परिवार